क्रीम घेण्याआधी आरसा घेऊन खिडकीत या

फोंड्यात माझं पार्लर आहे. चतुर्थी जवळ आली की "डोळ्यांखालचं काळं जाईल असं काहीतरी द्या" म्हणत बायका येतात. मी त्यांना आधी खिडकीपाशी उभं करते. ट्यूबलाइटखाली सगळ्यांचेच डोळे आजारी दिसतात.

तुम्ही घरीच बघा. काजळ नीट पुसा, दिवसाच्या उजेडात आरसा धरा आणि डोळ्याखालची कातडी बोटाने अलगद ताणा. रंग तपकिरी असेल आणि ताणूनही तसाच राहिला, तर तो कातडीतलाच. निळसर-जांभळा असेल आणि ताणल्यावर उलट गडद झाला, तर पातळ कातडीतून खालच्या शिरा दिसताहेत. तोंड उजेडाकडे वर केल्यावर काळेपणा बराचसा गेला, तर ती नुसती सावली, वयाने पडलेल्या खळग्याची किंवा सुजेची. पुष्कळ जणींत हे सगळं थोडं थोडं असतं.

तपकिरी रंग असेल तर आईचा चेहरा आठवा. घराण्यातूनच आलेला रंग पूर्ण जात नाही, हे मी तोंडावर सांगते, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. उन्हाने तो वाढतो, म्हणून स्कूटरवर निघताना गॉगल आणि एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा.

पण इकडे मला सर्वांत जास्त सापडतं ते डोळे चोळणं. पावसाळ्यात भिंतींना ओल, कपाटातल्या साड्यांना बुरशी, त्यात चतुर्थीची साफसफाई. उठल्याबरोबर शिंका सुरू, डोळ्यांना खाज. नाक चोंदलं की डोळ्यांखालच्या शिरांत रक्त तुंबून निळसर दिसतं, आणि चोळून चोळून कातडीही काळवंडते. यावर आय-क्रीम काय करणार? ॲलर्जीचं औषध डॉक्टरांकडून घ्या, माळा झाडताना मास्क लावा, खाज आली तर थंड पाण्याची घडी ठेवा. नव्या काजळापासून किंवा केसांच्या डायपासून खाज सुरू झाली असेल, तर आधी ते बंद.

सकाळी फुगलेलं आणि दुपारपर्यंत उतरलेलं असेल, तर रात्री ताटात काय होतं ते आठवा. सुके बांगडे आणि लोणचं असेल, तर तो मिठाचा प्रताप. उशी जरा उंच घ्या, फ्रिजमधला चमचा टेकवा. सूज उतरेल, रंग नाही. बटाट्याच्या चकतीतही मुख्य गुण थंडाव्याचाच. लिंबू मात्र डोळ्यांजवळ नेऊ नका.

हॉटेलात, कसिनोत रात्रपाळी करणाऱ्या मुलींना कारण सांगावं लागत नाही. जागरणाने चेहरा फिकटतो आणि शिरा उठून दिसतात. झोप पुरेशी होऊनही तसंच असेल, जिना चढताना दम लागत असेल, पाळीत रक्त जास्त जात असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. बाईचं १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. काचबिंदूच्या काही थेंबांनीही पापण्या काळवंडतात. ते स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि एकाच डोळ्याखाली अचानक काळं किंवा सुजलेलं दिसलं, तर माझ्याकडे येऊच नका. जवळच्या डॉक्टरांना नाहीतर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवा.