थोरियम ॲसिटिलॲसिटोनेट: कृती आणि तपासणी

थोरियमच्या चतुर्संयुजी आयनाला ऑक्सिजनची ओढ जबरदस्त. ॲसिटिलॲसिटोन या सेंद्रिय द्रवाचे चार रेणू प्रत्येकी दोन ऑक्सिजनांनी त्याला धरतात आणि थोरियम ॲसिटिलॲसिटोनेट बनते, म्हणजे सहसंयोजन अंक (धातूला जोडलेल्या अणूंची संख्या) ८. पण पाण्यातला हायड्रॉक्साइडही ऑक्सिजनवालाच, आणि पीएच ३ च्या आसपास पोहोचल्यावर तो लिगंडशी (धातूला धरणाऱ्या रेणूशी, इथे ॲसिटिलॲसिटोनशी) स्पर्धा करू लागतो. या कृतीतली बरीचशी काळजी त्यासाठीच आहे.

भारतात थोरियम अणुऊर्जेच्या कायद्याखाली येतो, म्हणून संस्थेची रीतसर परवानगी हवीच. नायट्रेटची जुनी बाटली फ्यूम हूडमध्येच उघडा, आत थोरॉन (थोरियमच्या ऱ्हासातून बनणारा किरणोत्सर्गी वायू) साचलेला असतो. भुकटी श्वासात जाता कामा नये. खरा धोका शरीरात गेलेल्या अल्फा-उत्सर्जकाचा.

थोरियम नायट्रेट पेंटाहायड्रेट २.८५ ग्रॅम (५ मिलिमोल) ५० मिली पाण्यात विरघळवा. ॲसिटिलॲसिटोन २.५ मिली २० मिली पाण्यात घेऊन त्यात मिसळा. लिगंड आधी, अमोनिया नंतर. हा क्रम उलटवू नका. आता १ नॉर्मल अमोनिया थेंबाथेंबाने, सतत ढवळत घाला. प्रत्येक थेंबाला उठणारा ढगाळपणा विरू द्या, मगच पुढचा थेंब. सुमारे २० मिली लागतात. पीएच ५ ते ६ ला थांबा. साका (द्रावणातून वेगळा पडणारा घन पदार्थ, म्हणजे अवक्षेप) पांढरा आणि दाणेदार दिसला पाहिजे. जेलीसारखा, खाली न बसणारा साका म्हणजे हायड्रॉक्साइड: अमोनिया घाईने पडला.

साका गाळून थंड पाण्याने धुवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) वाळवा. मग गरम टोल्युइनमध्ये विरघळवून गरम असतानाच गाळा. हायड्रॉक्साइड गाळणीवर राहतो. गाळलेल्या द्रावणात पेट्रोलियम ईथर घालून थंड करा. स्फटिक निर्वातात तापवून वाळवू नका, संयुग संप्लवन पावते, म्हणजे घनाची थेट वाफ होते.

तपासणीसाठी रंगाचा उपयोग नाही, कारण थोरियम आयनाचे ५एफ कक्षक (इलेक्ट्रॉनांच्या जागा) रिकामे आहेत, म्हणून संयुग रंगहीन. पण त्याच कारणाने संयुग प्रतिचुंबकीय आहे (त्यात एकटा इलेक्ट्रॉन नाही) आणि एनएमआर (रेणूतले हायड्रोजन ओळखणारा चुंबकीय वर्णपट) स्वच्छ मिळतो: मिथिल आणि मधल्या हायड्रोजनचे प्रमाण ६:१, १५ पीपीएमच्या पलीकडचा मोकळ्या इनॉलचा (थोरियमला न जोडलेल्या ॲसिटिलॲसिटोनच्या रूपाचा) संकेत गायब.

थोरियमचे प्रमाण मोजण्यासाठी १०० मिग्रॅ नमुना विरल नायट्रिक आम्लात उकळून ॲसिटिलॲसिटोन उडवून लावा. द्रावण थंड करून पीएच २.५ करा, झायलेनॉल ऑरेंज हा दर्शक घाला आणि ०.०१ मोलर ईडीटीएने (थोरियमला घट्ट बांधणाऱ्या अभिकर्मकाने) लाल रंग पिवळा होईपर्यंत टायट्रेट करा, म्हणजे मोजून थेंबाथेंबाने घाला. शेवटी सावकाश, कारण अभिक्रिया लगेच पुरी होत नाही. १ मिली म्हणजे २.३२ मिग्रॅ थोरियम. शुद्ध संयुगात ३६.९ टक्के असते, म्हणून १५.९ मिली लागायला हवेत.

जास्त लागले तर हायड्रॉक्साइड शिल्लक आहे, टोल्युइनची पायरी पुन्हा करा. कमी लागले तर ओल किंवा मोकळा लिगंड. ऑक्साइड करून वजन घ्यायचे असेल, तर नमुना सरळ भट्टीत टाकू नका. थोडा भाग वाफ होऊन निसटतो आणि आकडा कमी येतो. आधी आम्लाने विघटन करा, ऑक्झॅलिक आम्लाने अवक्षेप पाडा, मगच मुशीत तापवा. इथे अमोनियम ऑक्झॅलेट वापरू नका: जास्त झाले की अवक्षेप पुन्हा विरघळतो.