मूठ आधी काट्यावर ठेवा : म्हातारपणी फल्लीदाणे, बदाम खायचे ते कसे

किराणेवाल्याच्या काट्यावर मी एक दिवस माझी मूठ मोजली. मुठीतले फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, भरले २८ ग्रॅम. मग यांना म्हटलं, आता तुमची मूठ टाका. ४६ ग्रॅम! जन्मभर शेतात डवरा धरलेला हात तो. बाकड्यावर बसलेलं एक पोरगं हसलं, "काकू, काकाचं खानंबी मोजून रायल्या का आता?" मोजूनच राहिली होती. डॉक्टर सांगतात "मूठभर दाणे खा", पण मूठ कोणाची ते सांगत नाहीत.

मी ३१ वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं घेतली, त्यामुळे काट्याची सवय सुटत नाही. आमचं गाव मंगरूळपीर तालुक्यात. माझं वय ६७, मला बीपी. यांचं ७२, यांना १४ वर्षांपासून शुगर.

दोन वर्षांमागे मुलगा पुण्याहून दिवाळीला आला तो बदाम-अक्रोडाचे डबे घेऊन. आम्ही मन लावून खाल्ले. सकाळी बदाम, दुपारी अक्रोड. चहासोबतचे टोस्ट तसेच, दुपारचा भात तसाच, सांजेची शेवही तशीच. चार महिन्यांत यांचं वजन पावणेतीन किलो वाढलं. यांनी खापर बदामावर फोडलं. बदाम बिचारा काय करेल? ३० ग्रॅम दाण्यांत साधारण १७० कॅलरी असतात, म्हणजे दीड पोळीच्या आसपास. ती दीड पोळी आम्ही रोज वरून खात होतो.

म्हणून दाणे सुरू करायच्या आधी, त्यांच्या बदल्यात ताटातून किंवा चहाच्या बशीतून काय जाणार ते ठरवा. आमच्याकडे टोस्ट आणि शेव गेली. तुमच्याकडे बिस्किटं असतील, चिवडा असेल, रात्रीचा दुसऱ्यांदा घेतलेला भात असेल. काहीच सोडायचं नसेल तर दाणेही राहू द्या.

दाणा शुगरवाल्याला चालतो, कारण त्यात पिठूळ भाग थोडा आणि प्रथिनं, तेल, चोथा जास्त. त्यामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि रक्तातली साखर बिस्किटासारखी झपाट्याने चढत नाही. स्पेनमध्ये ५५ ते ८० वयाच्या सात हजारांवर माणसांवर मोठा अभ्यास झाला. त्यांतल्या एका गटाला तिथल्या जेवणासोबत रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट दिले. २०१३ साली निकाल छापला, पुढे माणसं गटांत वाटण्यात चुका निघाल्या, म्हणून मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापला. तरी निष्कर्ष तोच राहिला : हृदयविकार आणि लकवा मिळून जवळपास ३० टक्के कमी. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यांच्या दाण्यांत आपला फल्लीदाणा नव्हता, आणि बाकीचं ताटही भाजी, मासे, डाळींचं होतं. नुसता दाणा खाऊन वर भजे हाणले तर तो निकाल आपल्याला लागू नाही. फल्लीदाण्याबद्दल अमेरिकेतल्या नर्स, दातांचे डॉक्टर अशा आरोग्याच्या कामातल्या मंडळींना वर्षानुवर्षं बघून हिशेब काढलाय. तो खाणाऱ्यांतही हृदयविकार कमी आढळला. फल्ली म्हणजे खरं तर कडधान्याची जात, तूर-हरभऱ्याची बहीण, पण गुण सुक्या मेव्याचे. अक्रोडाच्या भावाने उगाच मन खट्टू करू नका.

आता माप. एकदाच ३० ग्रॅम दाणे तोलून घ्या, आणि ते ज्या वाटीत किंवा डब्याच्या झाकणात काठोकाठ बसतात ते भांडं वेगळं काढून ठेवा. आमच्याकडे जुन्या मसाल्याच्या डब्यातली छोटी वाटी आहे. तिला दुसरं काम नाही. भाजीत, ठेच्यात कूट पडणार असेल तर तोही याच वाटीतून निघतो. आपल्या वऱ्हाडी स्वयंपाकात खरी गोम तिथेच आहे. हातातले दाणे मोजतो आणि वांग्यात घातलेला कूट विसरतो.

वेळ सकाळच्या चहाची किंवा दुपारी चारची, जेव्हा हात आपोआप डब्याकडे जातो ती. दाणे घरीच कोरडे भाजा, मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत. खारे दाणे बीपीवाल्याने घेऊ नयेत, तळलेले कोणीच नाही. चिक्की हा गूळ आहे, दाणे तिच्यात पाहुणे म्हणून येतात. उपवासाला साबुदाणा उसळीत दाण्याचा कूट घातला म्हणून ती शुगरला चालत नाही, साबुदाणा निव्वळ पिठूळच.

शेजारची आत्याबाई म्हणते, "मले दात कोठी हायेत व?" ज्यांना दात नाहीत त्यांनी दाणे रात्री भिजवून सकाळी नरम शिजवावेत, किंवा कूट करून ताकात, वरणात टाकावा. एक बारीक फरक आहे. अख्खा दाणा कितीही चावला तरी थोडं तेल त्याच्या आतच अडकून न पचता निघून जातं. बारीक कुटला की ते बरंचसं अंगी लागतं. म्हणून कुटाची वाटी थोडी उणीच भरा. बदाम भिजवल्याने मऊ होतो, बाकी जादू नाही, आणि साल काढून फेकायची गरज नाही. सालीत चोथा असतो. लकव्यानंतर ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना अख्खा दाणा देऊच नका. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा. शुगरची गोळी मात्र कोणी परस्पर बंद करायची नाही.

अक्रोडात जी ओमेगा-३ची चरबी असते ती आपल्या जवसात त्याच्या दुपटीहून जास्त आहे. जवस भाजून, कुटून, लसूण-मिरची घालून केलेली चटणी रोज चमचाभर. अख्खा जवस मात्र आला तसा निघून जातो.

गोडंबीबद्दल, म्हणजे बिब्ब्याच्या आतल्या गराबद्दल, बायका विचारतात. आमच्या भागातली खास चीज, लाडवात सुरेख लागते. पण बिब्बे घरी फोडू नका. माझ्या मावशीने फोडले आहेत, तिच्या बोटांचे काळे डाग मी पाहिले आहेत. टरफलातलं तेल कातडी जाळतं. साफ केलेली गोडंबी विकत आणा, पहिल्यांदा दोन-चारच खाऊन बघा, आणि तिचंही माप त्याच वाटीत.

साठवणुकीत मी स्वतः फसले आहे. उन्हाळी भुईमूग मेअखेर निघतो, आणि तेव्हाच एखादा अवकाळी पाऊस येतो. एके वर्षी अर्धवट सुकलेल्या शेंगा घाईने पोत्यात भरल्या. आषाढात उघडल्या तर दाण्यांवर हिरवट बुरशी. मी धुऊन, वाळवून, भाजून खायला काढल्या. "वाया काहून घालवाचं?" असं सासूबाईंचं शिकवलेलं. पण त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला मारतं आणि भाजल्याने पुरतं जात नाही. तेव्हापासून सुरकुतलेला, काळपट, कडू लागणारा दाणा मी निवडून फेकते, कोंबड्यांनाही घालत नाही. शेंगा हलवल्यावर आत दाणे खुळखुळ वाजले तरच पोत्यात. सोललेले दाणे महिन्याला पुरतील एवढेच, घट्ट झाकणाच्या डब्यात.

फरक पडतोय की नाही ते वजनापेक्षा पोटाच्या घेरावर बघा. आपल्याकडे पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० च्या वर गेला की शुगर, बीपी, रक्तातली चरबी यांची साखळी जुळायला लागते. शिंप्याचा टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, दर तीन महिन्यांनी सकाळी उपाशीपोटी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. यांचा टोस्ट सुटला तेव्हा ९९ होता. सहा महिन्यांनी टेप लावला तर ९१ आला. मला शंका आली. तोंडाकडे पाहिलं तर गाल फुगवून, श्वास कोंडून उभे. म्हटलं, श्वास सोडा, मग मोजायचं असतं. ९५.