समुद्र, कुरव आणि घाई: ऑईलमध्ये कॉपी करताना या चुका टाळा

कोल्हापुरात समुद्र नाही. त्यामुळं शिकायला येणारा प्रत्येक जण मालवणला काढलेला, नाहीतर नेटवरून उतरवलेला फोटो घेऊन येतो. लाटा, खडक, वर कुरव, म्हणजे सीगल. कॉपीला माझी हरकत नाही, हात त्यानंच बसतो. पण त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय.

सगळ्यात मोठी घाई पक्ष्यांची. आकाशाचा निळा अजून बोटाला लागतोय आणि ह्यांच्या ब्रशवर पांढरा चढलेला. ओल्यावर ओढलेला पांढरा खालचा निळा उचलतो, पक्षी मळकट होतो. मग तो उठून दिसावा म्हणून भोवती काळी रेघ. झाला साईनबोर्ड.

एका पावसाळ्यात एक पोरगं होतं. हात चांगला, धीर शून्य. फेस जाड दिसावा म्हणून त्यानं पांढऱ्यात भरपूर जवसाचं तेल घातलं. टायटॅनियम व्हाईट मुळात हळू वाळणारा, त्यात श्रावणाची दमट हवा. दुसऱ्याच दिवशी, "सर, वाळलंय की!" घरी हेअर ड्रायर मारून आला होता. ऑईल कलर पाणी उडावं तसा वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला वेळ लागतो. ड्रायरनं वर पापुद्रा धरला, आत सगळं कच्चं. त्यावर ह्यानं टर्पेंटाईननं पातळ केलेल्या रंगात कुरवांचा थवा काढला. आधी फेसाला सुरकुत्या आल्या, मग पक्ष्यांना भेगा. तेलकट थरावर कमी तेलाचा, पातळ थर टिकत नाही. खाली टर्पेंटाईन, वर चढत जाल तसं तेल.

मी पहिला हात बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात पातळ धरतो, तो लवकर वाळतो. नंतर प्रत्येक थराला थांबतो. कोपऱ्यात बोट टेकवायचं. चिकटलं तर दुसरं चित्र हातात घ्यायचं. "फास्ट ड्राय मीडियम टाकू का?" असं विचारणाऱ्याला मी आधी ब्रश धुवायला लावतो.

दुसरं दुखणं, ट्यूबमधला कोरा पांढरा. उजळ आकाशापुढं उडणाऱ्या पांढऱ्या पक्ष्याचं पोट आकाशापेक्षा गडद दिसतं. पटत नसेल तर सकाळी रंकाळा तलावावर बगळे बघा. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान रंकाळा, कोटीतीर्थ ही तळी रंगवायला तिथं जाऊन बसायचे. आमच्या मंडळींना रंकाळ्यावर भेळेपुरता वेळ असतो. पोटाला निळसर राखाडी द्या, कोरा पांढरा फक्त ऊन पडलेल्या पंखाच्या कडेला, एका फटक्यात. आणि डिसेंबरातल्या कोकणच्या फोटोत नेटवरून बघून गडद तपकिरी डोकी घुसडू नका. तपकिरी डोक्याचा कुरव आपल्याकडं हिवाळ्यात येतो, तेव्हा त्याचं डोकं पांढरट असतं, डोळ्यामागं फक्त एक गडद डाग.

पक्षी जाडे होतात ते मापामुळं. मोबाईलचा फोटो बहुधा ४:३ असतो, तो १२ बाय १६ इंचांच्या कॅनव्हासवर बरोबर बसतो. १६ बाय २० वर ताणलात तर सगळंच बेढब. कॉपीसाठी चौकोनांची जाळी पाडण्याआधी फोटो कापून घ्या.

क्षितिज डोळ्यानं नको, दोन्ही कडांपासून पट्टीनं मोजा.

काठचं पाणी निळंशार नसतं. अल्ट्रामरीन निळ्यात पिवळसर यलो ऑकर, थोडा तांबूस बर्न्ट सिएना मिसळा.

हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल दारं-खिडक्यांसाठी ठेवा, चित्र पिवळं पडतं.

व्हार्निश सहा महिने तरी नाही. दिवाळीत भेट द्यायचीय म्हणून गणपतीत कॅनव्हास आणणाऱ्यांनी मिठाई द्यावी.

आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी बाहेरच्या तारेवर एकेक पसरतो, पूर्ण कडक झाल्या की मगच कचऱ्यात.