जीवनसत्त्व बी-६ ने एन्झाइमशिवाय अमिनो आम्ल मोडताना: या चुका टाळा

एमएस्सी प्रोजेक्टसाठी हा विषय घेणाऱ्या मुंबईतल्या मुलांना आधीच सांगते: केमिस्टकडची बी-६ ची गोळी इथे चालत नाही. तिच्यात असतं पायरिडॉक्सिन, म्हणजे अल्कोहोल. अमिनो गटाला पकडायला अल्डिहाइड लागतं, म्हणजे पायरिडॉक्सल किंवा त्याचा फॉस्फेट. शरीरात हा बदल यकृत करून देतं, परीक्षानळी नाही. प्रिन्सेस स्ट्रीटला ऑर्डर देताना नाव अक्षर न् अक्षर वाचून घ्या.

मग बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. ट्रिस प्रत्येक लॅबमध्ये हाताशी असतो, म्हणून तोच ओतला जातो. पण ट्रिस स्वतःच प्राथमिक अमाइन आहे; पायरिडॉक्सल त्यालाच जाऊन चिकटतं, द्रावण पिवळं होतं आणि प्रयोग जमला असं वाटतं. फॉस्फेट बफरही नको. जीवरसायनशास्त्रज्ञ एस्मंड स्नेलने १९४५ मध्ये पायरिडॉक्सल आणि ग्लुटामिक आम्ल एकत्र तापवून पायरिडॉक्सामिन मिळवलं, म्हणजे अमिनो गट पायरिडॉक्सलवर आला. पुढे तांबं, अल्युमिनियम अशा धातूंचे आयन घातले की ही क्रिया वेग घेते हे कळलं. फॉस्फेटमध्ये तुरटीतून घातलेलं अल्युमिनियम साका होऊन तळाशी बसतं, मग वेग कुठून येणार? अ‍ॅसिटेट बफर घ्या. नळीला फॉइल गुंडाळा, पायरिडॉक्सल उजेडात खराब होतं.

खरी गफलत चाचणीत होते. अमिनो गट गेल्यावर उरणारं कीटो आम्ल शोधायला डीएनपीएच (अल्डिहाइड-कीटोनशी साका देणारं अभिकर्मक) टाकतात, नारिंगी साका येतो, वहीत 'पॉझिटिव्ह' लिहून मोकळे! अहो, पायरिडॉक्सलही अल्डिहाइडच आहे, साका तेही देतं. म्हणून एक नळी अमिनो आम्लाशिवाय, एक पायरिडॉक्सलशिवाय, एक धातूशिवाय आणि एक धातूचे आयन बांधून ठेवणारं ईडीटीए घालून ठेवाच. या चार नळ्यांशिवाय आलेला निकाल मी तरी मानणार नाही. घटक टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) वेगळे करून मगच नाव द्या.

थ्रिओनिनच्या नळीत ग्लायसिन दिसलं की मुलं नमुना भेसळीचा समजून फेकून देतात. फेकू नका. अमिनो आम्ल पायरिडॉक्सलशी जोडल्यावर त्याच्या अल्फा कार्बनचे (अमिनो गट ज्याला जोडलेला असतो त्या कार्बनचे) बंध सैल होतात आणि त्यातला कुठलाही तुटू शकतो. थ्रिओनिनमधून ग्लायसिन आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड निघतं, सेरीनमधून पायरुव्हिक आम्ल आणि अमोनिया. नेमका कोणता बंध तोडायचा हे पेशीत एन्झाइम ठरवतं: तो बंध पायरिडॉक्सलच्या वलयाच्या पातळीला काटकोनात धरून. रसायनशास्त्रज्ञ डनाथनने हे १९६६ मध्ये मांडलं. नळीत असा कुणी धरणारा नाही, त्यामुळे मिश्रणच मिळणार, आणि ते तसंच नोंदवायचं.