पिल्लाला सायकलबरोबर पळवायचंय? जरा दम धरा की

सकाळी बेळगावच्या येळ्ळूर रोडला गेलं की एखादा तरी दिसतोच, सायकलच्या हँडलला साखळी गुंडाळलेली आणि मागनं जीभ बाहेर काढून फरफटत येणारं कुत्र्याचं पिल्लू. मी पण तेच करत होतो, त्यामुळं कुणाला नावं ठेवत नाही. आमचं मुधोळच्या शिकारी कुत्र्याच्या रक्ताचं, सात महिन्यांतच मांडीएवढं झालेलं, म्हटलं हे पळायलाच जन्मलंय तर पळवूया की. पंधरा दिवसांत पुढच्या पायानं लंगडायला लागलं.

डॉक्टरनी मग समजावून सांगितलं. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकाला कूर्चेचा मऊ पट्टा असतो, हाड तिथूनच वाढतं आणि वाढ पुरी झाली की तो पट्टा हाडासारखा कडक होतो. लहान जातीत हे साधारण वर्षाच्या आत उरकतं, पण लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड असल्या मोठ्या अंगाच्या कुत्र्यांना दीड वर्ष पण लागतंय. तोवर डांबरी रोडवर एकाच चालीत पळवत ठेवलं की सगळा मार त्या पट्ट्यावर. शिवारात ते आपल्या मनानं उड्या मारतंय, दमलं की बसतंय, ते चालतं. सायकलला बांधलं की थांबणं त्याच्या हातात राहत नाही आणि मालकाच्या मागं ते पडेस्तोवर पळेल.

मग तोवर काय, तर सायकलची ओळख. आधी सायकल नुसती अंगणात उभी करून तिच्याजवळच खायला घालायचं, बेल वाजवायची, मग हातात धरून चालत न्यायची, पिल्लू कायम डाव्या अंगाला, म्हणजे ट्रॅफिक आपल्याकडं आणि ते कडेला. थांब, हळू, एवढं पक्कं करून घ्या. आमच्यात मी थांब म्हणतो आणि शेजारच्या अज्जी कन्नडमधनं निल्लु, आता ते दोन्हीला थांबतंय (अज्जींना जरा लवकर), पण शिकवताना घरातल्यांनी एकच शब्द ठरवा नायतर पिल्लाचा गोंधळ.

दीड वर्ष झालं, डॉक्टरनी सांधे आणि हार्ट बघून हो म्हटलं की मग पळवायचं. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या. दोरी हँडलला किंवा मनगटाला गुंडाळायची नाहीच, मांजर दिसलं की एका झटक्यात तुम्ही गटारात. सीटच्या दांड्याला खाली बसवायचा स्प्रिंगवाला दांडा ऑनलाइन मिळतो, ओढ खाली बसते म्हणून तोल जात नाही. पहिल्यांदा 5 मिनिटं बास, आठवड्यातनं दोन-तीनदाच, मग हळूहळू वाढवा. कुत्रं दुडक्या चालीत पाहिजे, चौखूर उधळलं म्हणजे तुमचा स्पीड जास्त झाला.

रोडपेक्षा मळ्याकडची पाणंद बरी, लाल माती पायाला मऊ. उसाच्या सीझनला मेन रोड सोडाच, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर टेप लावून आला की कडेला जागाच राहत नाही. गावातली कुत्री अंगावर आली तर पेडल मारून पळू नका, उतरा आणि सायकल मधी धरा.

ऊन हा वेगळाच विषय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते गार होतं, म्हणून मार्च ते मे सकाळी सात वाजायच्या आत घरी. डांबरावर हाताची मागची बाजू 7 सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर त्या दिवशी सुट्टी. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल डगमगती दिसली की लगेच सावलीत घेऊन साधं पाणी अंगावर ओता, बर्फ नको, आणि तसंच दवाखान्यात न्या. पोटभर खाल्ल्यावर दोन तास तरी पळवायचं नाही, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडतो, जीवावर बेततं.

घरी आल्यावर पंजे धुऊन बोटांच्या मधी बघायचं. पावसाळ्यात आमच्याकडं तिथंच गोचीड सापडतंय, आणि पाय चाटत बसलं असेल तर दुसऱ्या दिवशी सायकल बाहेर काढायचीच नाही.