‘घोर निराशा झाली’ लिहून दावा जिंकता येत नाही: अर्जातल्या या चुका टाळा

नागपुरात बेसा-हुडकेश्वरकडे प्लॉट बुक केलेले एक काका मागे सिव्हिल लाइन्सला माझ्याकडे बिल्डरविरुद्धच्या अर्जाचा मसुदा घेऊन आले. पहिलीच ओळ : ‘विरुद्ध पक्षाने आमची घोर निराशा केली.’ पुढे पानभर तेच. इसार किती, पावती कोणत्या तारखेची, ताबा कधी द्यायचा होता, यातलं काहीच नाही.

“काका, निराशेला कलम नाही,” मी म्हटलं.

महागात पडणारी ओळ खाली होती : ‘कराराचे नैराश्य झाल्याने करार संपुष्टात.’ मुलाने फ्रस्ट्रेशन हा शब्द मोबाइलवर भाषांतर करून टाकलेला. कायद्यात या शब्दाचा मनाशी संबंध नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 56 प्रमाणे, ठरलेलं काम नंतर अशक्य किंवा बेकायदा झालं तर करार विफल होऊन शून्य, म्हणजे रद्दबातल ठरतो. ही पळवाट एरवी बिल्डर शोधतो. काका ती स्वतःच लिहून देत होते!

बिल्डरने ती शोधली तरी सहज सापडत नाही. कलकत्त्याचा सत्यब्रत घोष खटला प्लॉटचाच. 1940 मध्ये 101 रुपये इसार देऊन बुकिंग झालं, मग युद्धासाठी सरकारने जमीन ताब्यात घेतली आणि कंपनी म्हणू लागली, करार संपला. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये ते मानलं नाही. कामाला मुदत ठरलेली नव्हती, आणि युद्धाच्या दिवसांत उशीर होणार हे दोघांनाही ठाऊक होतं. तेव्हा ‘सिमेंट महागलं’ एवढ्याने करार विफल होत नाही.

‘व्यथित’ हा शब्दही लोक दुःखी या अर्थाने वापरतात. कायद्यात तो दाद मागू शकणाऱ्या माणसासाठी (इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’) येतो. इंग्लंडमधल्या 1880 च्या साइडबॉथम प्रकरणात न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की, मिळू शकला असता असा लाभ हुकला म्हणून माणूस व्यथित ठरत नाही. त्याच्या कायदेशीर हक्काला धक्का लागलेला असावा लागतो. आपल्याकडे 1975 मध्ये नव्या थिएटरला विरोध करणाऱ्या जुन्या थिएटरमालकाचंही याच मुद्द्यावर अडलं. धंदा बसेल ही भीती खरी असेल, पण तो हक्क नव्हे.

मग मनस्ताप लिहायचाच नाही का? लिहा, पण कुठे ते बघून. गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात प्लॉटधारकाला मनस्तापापोटी मंजूर झालेली रक्कम सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये काढून टाकली. ग्राहक आयोगात मात्र ‘मानसिक व शारीरिक त्रासापोटी’ रक्कम मिळते. 1993 च्या लखनौ विकास प्राधिकरणाच्या निकालाने ती वाट पक्की केली. अर्थात तिथेही कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायला हवं. (निव्वळ हिरमोडाची भरपाई मिळालेला जार्व्हिस नावाचा ग्राहक इंग्लंडचा. 63.45 पौंडांची स्वित्झर्लंडची सहल फसली, पदरात 125 पौंड पडले. पण सहलीत विकला जातो तो आनंदच, प्लॉटचं तसं नाही.)

आणि ‘नुकसान’ व ‘नुकसानभरपाई’ एकाच रकान्यात कोंबू नका. आधी काय गेलं ते लिहा, मग किती हवं ते.

काकांची पहिली ओळ शेवटी अशी झाली : ‘ठरलेल्या तारखेस ताबा दिला नाही, पावत्या सोबत जोडल्या आहेत.’ ‘घोर’ तेवढा राहू द्या म्हणत होते. नाही ठेवला.