बागेजवळचं ऑफिस: भाड्याचा खरा दर असा काढा

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी उद्यानाच्या आसपास ऑफिस बघताना सांगितलेल्या दरावर जाऊ नका. तो बरेचदा सुपर बिल्टअपचा असतो. जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं त्यात धरलेलं.

1. टेप घेऊन जा, आतून भिंत ते भिंत मोजा. हे आतलं क्षेत्रफळ म्हणजे कार्पेट.
2. महिन्याचं भाडं भागिले कार्पेट. 90 रुपये दराने 1000 चौरस फुटांचे 90,000 होतात. कार्पेट 650 भरलं, तर खरा दर सुमारे 138 रुपये! मेंटेनन्स वेगळा असेल तर तोही मिळवा.
3. संध्याकाळी गाडी घेऊन जाच. बागेच्या गर्दीत पार्किंग मिळतं का, ते तेव्हाच कळतं.

लिव्ह अँड लायसन्स करारात कार्पेटचा आकडा लिहून घ्या. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं बंधनकारक आहे, नुसत्या नोटरीवर भागवू नका.